करवंदाचं आंबट प्रकरण

एप्रिलच्या शेवटी ताम्हिणीतून परत येत होतो, वळणावर एक मावशी पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या दिसल्या. दोन द्रोण घ्यायला गाडी थांबवली आणि सगळी पाटीच घेऊन आलो. एवढ्या उन्हात त्या बसल्यात, म्हटलं जाऊ देत घरी लवकर, असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण हावरटपणा, दुसरं काही नाही.

पहिला दिवस मजेत गेला. मुलीला कोंबडा-कोंबडी शिकवलं, म्हणजे करवंद अर्धं चावायचं आणि आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, तिला आधी पटेना की हा एवढाच गेम आहे आणि यात लेव्हल वगैरे काही नसतात, मग दोन तास बोटं आणि ओठ चिकट करत बसली. पण करवंद काही सफरचंद नाही की फ्रीजमध्ये ठेवलं आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीच्या तळातली फळं बसायला लागली होती आणि अजून किलोभर तरी शिल्लक होती.

मग मला श्रब आठवलं. श्रब म्हणजे झुडूप नाही, फळ, साखर आणि व्हिनेगर यांचं सरबत. नाव आलंय अरबीतून, पिण्यासाठी जो शब्द आहे त्यातून, आणि त्याच घरातून शराब पण निघाली आणि आपलं सरबत पण, म्हणजे तशी भावंडंच. फ्रीज नव्हते तेव्हा अमेरिकेतल्या बायका उन्हाळ्यातली रासबेरी व्हिनेगरात टिकवायच्या आणि नंतर तो अर्क गार पाण्यात घालून प्यायच्या. तिकडेच गवत कापणीच्या वेळी शेतात पाणी, व्हिनेगर, आलं आणि मोलॅसिस (काकवीसारखा घट्ट, काळपट पाक) असं एक पेय न्यायचे, स्विचेल म्हणतात त्याला. रोमन सैनिक तर नुसतंच पाणी घातलेलं आंबट व्हिनेगर प्यायचे. इराणात व्हिनेगर आणि मधाचं सिकंजबीन असतं, पुदिना घालून, त्यात लेट्यूसची पानं बुडवून खातात. उत्तरेतली शिकंजी नावाने त्याच्याच वंशातली, पण भारतात येईपर्यंत व्हिनेगर गळून पडलं आणि त्याच्या जागी लिंबू आलं. मला हे फार पटतं. लिंबू दारात असताना व्हिनेगर कोण आंबवत बसेल?

आपल्याकडे तेच झालंय. चिंच, आमसूल, कैरी, लिंबू, आवळा, आंबटपणाची एवढी खाती उघडी असताना व्हिनेगर घरात शिरलं ते चायनीजच्या बाजूने, मिरच्या बुडवलेल्या बाटलीतून. शिरका हा शब्द होता, पण स्वयंपाकघरात मी तरी तो कधी ऐकला नाही. गोव्यात वेगळं आहे, तिथे माडाच्या सुरेचं व्हिनेगर असतं आणि ते नसेल तर विंदालूला अर्थ नाही.

आता कबुली. गेल्या वर्षी मी हाच प्रयोग महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर केला होता आणि घरात जे होतं ते पांढरं सिंथेटिक व्हिनेगर ओतलं होतं. ते म्हणजे पाण्यात ॲसेटिक ॲसिड, बाकी काही नाही. पहिला घोट घेतल्यावर बायको म्हणाली, यात नूडल्स कुठेत? ती बाटली मी नंतर सिंक साफ करायला वापरली, सिंक मात्र चकाचक झालं.

यावेळी सफरचंदाचं आणलं, गढूळ, तळाशी तंतू असलेलं. आईने बाटली उजेडात धरली.

"अरे, हे खराब झालंय."

"खराब नाही गं, ती व्हिनेगरची मदर आहे. दारूचं व्हिनेगर करणारे बॅक्टेरिया असतात त्यात."

"दारूचं?"

इथे मी चुकलो. पुढची दहा मिनिटं फळाच्या साखरेची आधी दारू होते, मग तिला हवा लागली की व्हिनेगर होतं, मग दारू जवळपास राहत नाही, हे सगळं समजावण्यात गेली आणि शेवटी ती म्हणाली, "आणि याला आई म्हणतात? लाज नाही वाटत?"

तरी बघायला उभी राहिली. मी करवंदं धुऊन, देठं काढून, स्टीलच्या पातेल्यात हाताने कुस्करली, फळाच्या निम्म्याहून थोडी जास्त साखर घातली आणि झाकण ठेवणार तेवढ्यात तिने पातेलं ओढून घेतलं. आंबट असं उघड्या तोंडाच्या भांड्यात ठेवतात का, म्हणत माळ्यावरची चिनी मातीची बरणी काढली, कोरडी केली, सगळं त्यात भरलं आणि वर दादरा बांधला. आणि मग सहज बोलली, "हे तर रातांब्याचंच झालं की."

राजापूरला आजी मे महिन्यात हेच करायची. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालांच्या वाट्यांत साखर भरायची आणि बरणी उन्हात. साखर फळातलं पाणी ओढून घेते, चार-आठ दिवसांत पाक सुटतो, तेच कोकम सरबत. गॅस नाही, उकळणं नाही. अमेरिकेत ज्याला कोल्ड प्रोसेस म्हणून व्हिडिओ करतात ते आजी सारवलेल्या अंगणात कावळे हाकत करत होती. फरक एवढाच की कोकम स्वतःच एवढं आंबट की त्याला बाहेरून मदत लागत नाही आणि पिकलेलं करवंद गोडाकडे झुकतं, म्हणून व्हिनेगर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाक सुटला. रंग काय सांगू, गडद जांभळट लाल. गाळून घेतला आणि व्हिनेगर चमच्या-चमच्याने चाखत घातलं. पुस्तकी माप सारखं-सारखं असतं पण मी निम्म्यावर थांबलो. मग फ्रीजमध्ये आठवडाभर. हा आठवडा टाळू नका, आधी नाकात झणका बसतो, नंतर तो फळात मिसळून जातो आणि मागे एक खोल आंबटपणा राहतो जो लिंबाला कधीच येत नाही. प्यायच्या वेळी दोन-तीन चमचे, बर्फ, सोडा आणि चिमूटभर मीठ. मीठ माझी भर. नुसतं पिऊ नका, दातांची वाट लागते. आणि वजन कमी होतं का हे मला विचारू नका, एवढी साखर घातल्यावर कुठल्या तोंडाने सांगू!

मुलीला आवडलं. बायको म्हणाली, नूडल्सचा वास नाही, म्हणजे पास. आईने अर्धा ग्लास प्यायला आणि विचारलं, "चोथा कुठे ठेवलास?"

मी टाकणारच होतो. तिने तो साखरेत मुरलेला चोथा घेतला, मोहरी-हिंगाची फोडणी, लाल तिखट, मीठ, थोडं मेथीचं कूट, झालं. भाकरीबरोबर ते लोणचं दोन दिवसांत संपलं, बरणी बोटाने पुसून. श्रबची बाटली अजून अर्धी आहे.