चौकटीमागचं नाव: आमची वाटचाल

कुडाळला स्टेशनरोडवर गाळा घेतला 2008 साली. तेव्हा फ्रेमवाल्याकडे लोक यायचे ते देवाचे फोटो, लग्नाचे फोटो आणि पोरांची सर्टिफिकेटं घेऊन. पिंगुळी इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या ठाकर मंडळींनी चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या, पोथ्या पिढ्यान् पिढ्या जपल्या, आणि आमच्याच तालुक्यातल्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मात्र बर्फाच्या डोंगराचं पोस्टर! ते बदलायचं म्हणून हा धंदा. चित्रकथी, सावंतवाडीची गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, डहाणूकडची वारली चित्रं, सगळं कलाकाराकडून रोखीने घ्यायचं, कोकणच्या हवेत टिकेल अशी फ्रेम करायची आणि घरी जाऊन स्वतः लावून द्यायची.

टिकणं महत्त्वाचं. आमचे मेस्त्री सावंतवाडीच्या चितारआळीतले, लाखकामात हात मुरलेला. पहिल्यापासून भागीदार तेच. फ्रेमच्या पट्ट्या कापायची, पायाने दाबायची गिलोटिन आम्ही कोल्हापूरहून सेकंडहँड आणली. तिची पाती ते स्वतः दगडावर लावतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. पंचेचाळीस अंशांचा कोपरा जुळला की त्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं तर पट्टी परत कापायची. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, इथे पहिल्याच पावसात फुगतं, म्हणून फणस नाहीतर सागवान. स्क्रू पितळी. आणि चित्र काचेला टेकता कामा नये. मेस्त्री प्रत्येक नव्या पोराला सांगतात, "पावसात काचेक आतसून घाम येता. कागद तिका चिकटलो की मेलो."

चित्रकथीचा पेच वेगळाच. पोथीत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, कारण कथा सांगताना पान उलटायचं असतं. एक बाजू भिंतीकडे गेली की अर्धी कथा गेली. त्यासाठी मेस्त्रींनी दोन्हीकडून काचेची, बिजागरीवर दारासारखी उघडणारी चौकट केली. अशी पहिली चौकट मालवणच्या एका डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यासाठी घेतली. पेशंटांची पोरं आजही ती उलटून उलटून बघतात.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग तो इंटिरियर कॉन्ट्रॅक्टर आला. नाव लिहीत नाही, धंद्यातल्यांना कळेल. किनाऱ्यावरच्या नव्या रिसॉर्टात प्रत्येक खोलीत रामायणातला एक प्रसंग, अशी ऑर्डर. अ‍ॅडव्हान्स साइट सुरू झाल्यावर. आम्ही पतसंस्थेचं कर्ज काढून सागवान भरलं, माउंटबोर्डाचे, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याचे, गठ्ठे आणले, चित्रकारांचे पैसे आधी चुकते केले. चित्रं झाल्यावर क्लायंटला दाखवायला म्हणून त्याने मोठ्या साइझचे फोटो मागून घेतले. त्यानंतर फोन उचलणं बंद.

दिवाळीनंतर डॉक्टरीणबाई कुणाच्या तरी लग्नाला त्या रिसॉर्टात गेल्या. तिथूनच फोन: "अहो, तुमची चित्रं लागलीत इथे, किती छान दिसतात!" दुसऱ्या दिवशी मी गेलो. सुवर्णमृगाचा प्रसंग. रंगवताना हरणाच्या कानाजवळ आमच्या चित्रकाराच्या कुंचल्यातून गेरूचा थेंब पडला होता आणि त्याने त्याला देठ काढून पान केलं होतं. तेच पान पहिल्या खोलीत, तेच दुसऱ्या खोलीत, तेच जिन्यात. कॅनव्हासवर डिजिटल प्रिंट, आणि खाली पितळी पाटी: 'स्थानिक कलाकारांनी हाताने रंगवलेले'.

वकील म्हणाले, 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कदाराच्या परवानगीशिवाय चित्राच्या अशा नकला काढता येत नाहीत. चित्रकार म्हणाला, कोर्टाचे हेलपाटे घालू की चित्रं काढू? नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही. तो माणूस आज कोकणी कलेवर भाषणं देतो. त्या रस्त्याने गेलो की अजून डोकं तापतं.

गाळा सोडायची वेळ आली होती. मेस्त्रींनी आपला वाटा घेतला नाही, उलट त्या सागवानाचे पाट करून गणपतीत विकले. डॉक्टरीणबाईंनी पडून राहिलेली चित्रं बघितली, काही स्वतः घेतली, उरलेली पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना घ्यायला लावली. त्या फ्लॅटांत मीच लावायला गेलो, आणि बाहेरगावचं काम तिथून सुरू झालं. 2021 मध्ये पिंगुळीचे चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्याकडच्या चौकशा वाढल्या. प्रिंटवाल्यांकडच्याही वाढल्या.

घर सजवणाऱ्यांना एवढंच सांगतो. पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका. दुसरी भिंतच नसेल तर चौकटीमागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा. दशावतारी गंजिफाची 120 पानं एकाच भिंतीवर मांडली की डोळा कुठेच ठरत नाही. एका अवताराची बारा पानं, राजा, प्रधान आणि एक ते दहा, एका चौकटीत पुरेत. पानांना डिंक लावू देऊ नका. आत चिंचोक्याची खळ असते, कसर आधीच टपलेली असते. वारलीतला देवचौक, म्हणजे भिंतीवरची पूजेची चौकोनी आकृती, लग्नात सवाशिणी घालतात, त्यात पालघाट देवी असते. तो सोफ्यामागे शोभेला म्हणून मागू नये असं माझं ठाम मत आहे. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रं कागदावर नेऊन जगभर पोचवली. त्या वळणातलं शेत घ्या, तारपा नाच घ्या. आणि विकत घेताना चौकट उलटी करून बघा. आमच्या प्रत्येक चौकटीमागे चित्रकाराचं नाव, गाव आणि साल त्याच्याच अक्षरात असतं.

गेल्या वर्षी त्याच कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातून कोटेशन मागणारा मेल आला. आम्ही कळवलं: पूर्ण रक्कम आधी, चित्र बघायला गाळ्यावर यायचं, फोटो मिळणार नाही, आणि त्या रिसॉर्टातल्या पितळी पाट्या आधी उतरवा.