काकांचा रिपोर्ट चांगला आला

आज बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, काकांची फेरतपासणी होती. दुर्बीण घालून पाहिलं, एमआरआय बघितला आणि डॉक्टर म्हणाले, "काही नाही, स्वच्छ आहे." काकींनी तिथेच मंगेशाला हात जोडले.

काकांना मूत्रमार्गाचा कॅन्सर होता. मूत्राशयाचा नव्हे, प्रोस्टेटचा नव्हे. लघवी जिथून बाहेर येते त्या नळीचा. सगळ्या कॅन्सरांत याचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी, त्यामुळे ओळखीपाळखीत विचारायचं तरी कुणाला? आधी धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग रक्त. नळी आकसलीय म्हणून ती रुंद करून झाली, तरी त्रास उलटत राहिला. बायोप्सी केली तेव्हा खरं कारण कळलं.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे पेनने नळी काढून दाखवली होती. गाठ टोकाकडे असली आणि लवकर सापडली, तर बऱ्याचदा शस्त्रक्रियेवर भागतं, माणूस वाचण्याची शक्यताही चांगली. खोल प्रोस्टेटच्या बाजूला असली किंवा जांघेतल्या गाठींत पसरली, की केमो, रेडिएशन, मोठं ऑपरेशन. कधी मूत्राशयही काढावं लागतं. काकांची टोकाजवळ होती. नशीबच म्हणायचं!

लाजेपायी काका कितीतरी दिवस गप्प होते, हे मला फार लागतं. लघवीत रक्त दिसलं, तर घरात सांगा हो. बायकांनाही हा होतो. सारखं इन्फेक्शन म्हणून अंगावर काढू नका.

पुढची तारीख घेतलीय. पेडण्याला परतताना म्हापशात थांबून काकांनी स्वतः बांगडे निवडले.