खुर्चीत बसून हसत होता

गड्ड्यावरून, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेवरून आलो, सगळे झोपले. मला झोप नाही. आज माझा पोरगा खूश होता. होम मैदानावर पोरं त्याची चाकांची खुर्ची ढकलत होती आणि हा पुढे बसून "सरक बे, सरक बे" ओरडत हसत होता. एवढंच. मला ते बघवेना.

खुर्ची त्यानेच मागितली. मी म्हटलं, अजून चालतोस की. तर म्हणे, "चालतो गं, पण सगळं लक्ष पायांत जातं. गड्डा बघायचा राहतो."

चौथीपासून मी त्याची चाल बघतेय. आधी नुसता धडपडायचा, आम्हाला वाटलं वांड आहे. मग तोंड धुताना डोळे मिटले की झोकांडी जायला लागली. पाय कुठे पडलाय हे मेंदूला सांगणाऱ्या नसाच झिजतात, म्हणून बघून बघून पाऊल टाकायचं; लाईट गेली की भिंत धरायची. पुढे अक्षर बिघडलं, जीभ जड झाली, पाठ एका बाजूला कलली. बुद्धीला मात्र काही होत नाही, त्यामुळे त्याला सगळं कळतं. फ्रीडराइख अटॅक्सिया हे नाव फार उशिरा कानावर आलं. सुरुवातीपासून साधारण दहा-पंधरा वर्षांत खुर्ची लागते, असं डॉक्टर म्हणाले होते. ती वर्षं मी मुठीत धरून बसले होते. त्याने त्याआधीच मागितली, आणि वर हसतो.

माझ्याच पोराच्या वाट्याला का? जनुकातला दोष आम्हा दोघांत एकेक, आम्हाला कधी काही झालं नाही. दोन्हीकडून आला तरच आजार, दर मुलामागे २५ टक्के. मला मामाच्याच घरी दिली. मामी अजून म्हणतात की... जाऊ दे. चिऊचं तर आज लिहायचंच नाही.

२०२३ साली अमेरिकेत एक औषध मंजूर झालं, १६ वर्षांपासून पुढच्यांसाठी. वेग कमी करतं म्हणे, गेलेलं परत आणत नाही. रात्री मी तेच वाचत बसते.

पण तो हसला ते का टोचलं? जेवताना केवढा बोलत होता! कुठला पाळणा किती उंच, कोण घाबरून किंचाळलं, सगळं. मागच्या वर्षी चालत गेला होता, तर आल्या आल्या आडवा झाला, घास गिळायचं त्राण नव्हतं. एवढी बडबड मी कधीपासून ऐकली नव्हती. ती ऐकायला मिळत असेल तर असू दे खुर्ची. आज तरी असं वाटतंय.

घरात ती उंबऱ्याला अडते. उद्या मिस्त्रीला बोलावून उतार करून घ्यायचा. मामी उंबरा काढू देणार नाहीत, त्यांच्याशी मीच बोलेन. न्हाणीचं दारही मोजायला सांगायचं. या आजारात हृदय आणि शुगरवरही लक्ष ठेवावं लागतं; याच महिन्यात हृदयाचा एको आहे, शुगरही तपासायचीय. आणि भिंत धरून रोजचं चालणं सुटता कामा नये, फिजिओने बजावलंय. ते त्याला कबूल आहे.