बोका पुसल्यावर

वर्तमानपत्रातली चित्रमालिका वाचताना शेवटच्या चौकटीवर अंगठा ठेवण्याची खोड मला गेली काही वर्षे जडली आहे. घरच्यांचा समज असा की, मी विनोदाची शेवटची चौकट मुद्दाम मागे ठेवतो, जशी लहान मुले पुरणपोळीचा मधला भाग शेवटी खातात. खरे कारण थोडे निराळे आहे. विनोद झाकल्यावर मागे काय उरते, हे मला पाहायचे असते, आणि या खोडीचे मूळ डब्लिनमध्ये राहणाऱ्या डॅन वॉल्श नावाच्या गृहस्थांपाशी जाऊन पोहोचते.

गारफिल्ड बहुतेकांना ठाऊक असतो. जिम डेव्हिस यांची ही चित्रमालिका १९ जून १९७८ रोजी अमेरिकेतल्या ४१ वर्तमानपत्रांत सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली. लठ्ठ, नारिंगी, आळशी बोका, त्याचे लझान्यावरचे प्रेम, सोमवारचा तिटकारा, ओडी नावाचा भोळा कुत्रा आणि या दोघांना पोसणारा जॉन आर्बकल हा अविवाहित मालक, एवढ्या भांडवलावर रोजच्या तीन चौकटी भरतात. वॉल्श यांनी २००८ साली या तीन चौकटींतून गारफिल्डलाच पुसून टाकले. युक्ती त्यांच्या आधीही काहींनी करून पाहिली होती, परंतु तिला नाव आणि वाचक मिळवून दिले ते वॉल्श यांनी. त्यांनी नवी रेघ ओढली नाही की नवा शब्द लिहिला नाही. बोका गेला, त्याच्या डोक्यावरचा फुगा गेला, आणि टेबलापाशी एकटा जॉन उरला. पहिल्या चौकटीत तो काहीतरी बोलतो, दुसऱ्या चौकटीत कोणीच काही म्हणत नाही, आणि तिसऱ्या चौकटीत तो त्या शांततेला उत्तर दिल्यासारखा चेहरा करतो. ज्या मालिकेवर आपण चहाबरोबर सहज हसून पान उलटत होतो, ती अचानक एका माणसाच्या एकटेपणाची रोजनिशी होऊन बसते.

विडंबन म्हटले की काहीतरी वाढवणे आले, अशी माझी समजूत होती. आपल्याकडे आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहिली, तेव्हा त्यांना मूळ कवींचे वृत्त, लकबी आणि लाडके शब्द आधी आत्मसात करावे लागले आणि मग त्या साच्यात नवा, भलताच ऐवज ओतावा लागला. इथे मात्र केवळ खोडरबराचे काम आहे. ते इतके चपखल कसे बसते, याचा विचार करताना एक साधी गोष्ट ध्यानात आली, जी इतकी वर्षे डोळ्यांसमोर असूनही मला दिसली नव्हती. गारफिल्ड कधी बोलतच नाही. त्याचे शब्द बोलण्याच्या शेपटीवाल्या फुग्यात नसतात. ते विचारांच्या, ढगासारख्या फुग्यात असतात, आणि तो ढग केवळ वाचकाला दिसतो. म्हणजे जॉन पहिल्या दिवसापासून एका मुक्या जनावराशी बोलत होता आणि त्याला एकाही वाक्याचे तोंडी उत्तर मिळाले नव्हते. वॉल्श यांनी जॉनला एकटे पाडले असे म्हणणे त्यामुळे तितकेसे बरोबर नाही. तो एकटाच होता. आपले लक्ष बोक्याकडे होते.

खात्री करण्यासाठी मी माझ्याकडचा जुना संग्रह काढून अगदी पहिली पट्टी समोर ठेवली. तीत पहिल्या चौकटीत जॉन आपण व्यंगचित्रकार असल्याचे सांगतो आणि हा माझा बोका गारफिल्ड, अशी ओळख करून देतो. दुसऱ्या चौकटीत बोका तेच उलटे करतो: मी गारफिल्ड, मी बोका, आणि हा माझा व्यंगचित्रकार जॉन. तिसऱ्या चौकटीत जॉन म्हणतो की, तुमची करमणूक करणे एवढाच आमचा विचार असतो, आणि बोक्याच्या ढगात त्याचा खरा विचार उमटतो: मला खायला घाल. आता यातला बोका दोन बोटांनी झाका. एक तरुण, जागेवर नसलेल्या बोक्याची हसतमुखाने ओळख करून देतो. मग एक रिकामी चौकट येते. आणि मग तोच तरुण ‘आमचा’ हा बहुवचनी शब्द वापरून, कोणीही सोबत नसताना, करमणुकीचे वचन देतो. मी बोटे काढून घेतली. दुपारची वेळ होती, पंखा फिरत होता, तरीही थोडे कसेसेच झाले, हे कबूल करायला हरकत नाही.

या खेळाची गंमत अशी की, तो वॉल्श यांच्या १९ वर्षे आधी खुद्द डेव्हिस यांनी उलट्या बाजूने खेळून पाहिला होता. ऑक्टोबर १९८९ मध्ये, हॅलोविनच्या आधीच्या आठवड्यात, गारफिल्ड एका सकाळी गारठून जागा होतो तो ओसाड घरात. जॉन नाही, ओडी नाही, घर कित्येक वर्षांपूर्वीच सोडून दिलेले. सहा दिवस वाचकांना हे भय पुरवले गेले आणि अखेरीस जॉन खाऊ घेऊन पुन्हा समोर आला. परंतु तो खरोखर आला की भुकेल्या बोक्याने तसे मानून घेतले, याची शंका पट्टीनेच मागे सोडली आहे. डेव्हिस यांनी माणूस पुसला, वॉल्श यांनी बोका पुसला. रोज तेच ते विनोद सांगणारी मालिका म्हणून गारफिल्डला नाके मुरडणाऱ्यांमध्ये मीही होतो. त्या सहा पट्ट्या वाचल्यावर मुरडलेले नाक हळूच सरळ करावे लागले.

गारफिल्डनंतर लोकांची नजर चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’कडे वळली, यात आश्चर्य नाही. तिथे बोका पुसावा लागत नाही. चार चौकटींतली चौथी कापली की पुरे. चार्ली ब्राउन आणि त्याची मित्रमंडळी तीन चौकटी आपली दुःखे बोलतात आणि चौथी चौकट त्यावर विनोदाची फुंकर घालते. ती फुंकर काढून घेतली की नुसती जखम उरते, असा या कापणाऱ्यांचा दावा आहे. बऱ्याच पट्ट्यांना तो लागू पडतो आणि माझा अंगठा तेव्हापासूनच चौथ्या चौकटीवर जाऊन बसू लागला. तथापि मालिकेच्या मुळाशीच हा दावा कोलमडतो, ही गोष्ट मला अंगठ्यानेच दाखवली. २ ऑक्टोबर १९५० रोजी सात वर्तमानपत्रांत छापलेल्या पहिल्या पट्टीत रस्त्याच्या कडेला एक मुलगा आणि एक मुलगी बसलेली आहेत. समोरून चार्ली ब्राउन हसत हसत येतो, पुढून निघून जातो, आणि तीन चौकटी तो मुलगा एकसारखे म्हणत राहतो: आला बघ आपला चार्ली ब्राउन, आपला गुणाचा चार्ली ब्राउन. चौथ्या चौकटीत चार्ली दिसेनासा झाल्यावर तो मुलगा म्हणतो, मला त्याचा किती राग येतो! इथे चौथी चौकट कापली तर एक गोड, निरुपद्रवी, कोणत्याही दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात लावण्याजोगी पट्टी तयार होते. सगळे विष शेवटच्या चौकटीत आहे. शुल्झ यांच्या विनोदाने दुःख झाकले असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही एक पट्टी जवळ ठेवावी.

शुल्झ यांनी जवळजवळ ५० वर्षे हा संसार एकट्याने, मदतनीस न घेता रेखाटला. फेब्रुवारी २००० मध्ये शेवटची रविवार पट्टी वर्तमानपत्रांतून निघाली ती १३ तारखेला. शुल्झ आदल्या रात्री वारले होते. त्यांच्या पश्चात दुसऱ्या कोणी नवी पट्टी काढायची नाही, असे ठरलेले असल्याने १७,८९७ पट्ट्यांचा हा साठा आता कायमचा तेवढाच आहे. त्यात भर घालता येत नाही म्हणून लोक त्यातून वजा करीत बसले असावेत, असे मला कधी कधी वाटते.

पूर्वीच्या विडंबनकारांना मात्र घाम गाळावा लागे. ॲल कॅप यांच्या ‘लिल ॲबनर’ मालिकेचा खेडवळ नायक स्वतः एका चित्रमालिकेचा भक्त होता, आणि ती मालिका म्हणजे ‘फिअरलेस फॉसडिक’, गुप्तहेर डिक ट्रेसीची हुबेहूब थट्टा. फॉसडिकच्या अंगात गोळ्यांनी एवढी मोठी भोके पडत की पलीकडचे दृश्य दिसावे, आणि तरीही तो आपले कर्तव्य सोडत नसे. १९४२ साली सुरू झालेली ही मालिकेतली मालिका कॅप यांनी वर्षानुवर्षे चालवली. त्यासाठी ट्रेसीची धारदार हनुवटी, तीच जाड रेघ, तोच गंभीर आव त्यांना रोज साधावा लागे. ‘मॅड’ मासिकाने तर या कलेचा कारखानाच काढला. हार्वी कर्ट्झमन यांच्या संपादनाखाली १९५४ साली फ्लॅश गॉर्डनचा ‘फ्लेश गार्डन’ झाला आणि जादूगार मँड्रेकचा ‘मॅनडक’. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून मँड्रेकला मराठीत भेटलेल्या माझ्या पिढीला त्या जादूगाराची टर उडवता येते, ही कल्पनासुद्धा कधी शिवली नव्हती, तो हात हलवी आणि आम्ही मुकाट्याने संमोहित होत असू. या जुन्या विडंबनांत मूळ चित्रकाराची शैली इतकी बारकाईने उचललेली दिसते की ती पाहताना टवाळीपेक्षा अभ्यासच जास्त जाणवतो.

मूळ धन्यांना हे सारे कसे वाटते, हा भाग वेगळा. ‘फॅमिली सर्कस’ ही बिल कीन यांची मालिका चौकटीऐवजी एका वर्तुळात बसते आणि तिच्यातली गोंडस मुले गोंडस वाक्ये बोलतात. १९९० च्या दशकात इंटरनेटवर काहींनी त्या चित्रांखालची वाक्ये बदलून तिथे अत्यंत अभद्र मजकूर घालण्याचा उद्योग चालवला. वकिलांचे पत्र आले. तेवढ्याने तो थांबतो की नाही अशी स्थिती होती. पण पुढे हा उद्योग चालवणारा गृहस्थ आणि कीन यांचे फोनवर बोलणे झाले आणि त्या सभ्य, वयस्क चित्रकाराशी बोलल्यावर त्याने १९९९ मध्ये आपण होऊन दुकान बंद केले. डेव्हिस यांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी वॉल्श यांचे कौतुक केले आणि २००८ सालीच बोका पुसलेल्या पट्ट्यांचे पुस्तकही निघाले, ज्यात पुसलेली पट्टी आणि मूळ पट्टी शेजारी शेजारी छापलेल्या आहेत. लेखक म्हणून नाव डेव्हिस यांचे, प्रस्तावना वॉल्श यांची. आपल्याच बोक्याच्या गैरहजेरीचे पैसे मिळवणारा हा पहिलाच व्यंगचित्रकार असावा.

त्या पट्ट्या मी एकदा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला दाखवल्या. तिने गारफिल्ड तोवर पाहिलेला नव्हता, हे माझ्या लक्षात राहिले नाही. ती हसली नाही. दोन-तीन पट्ट्या पाहून तिने विचारले, “बाबा, या काकांच्या घरी कोणीच नाही का?” मी घाईघाईने मूळ पट्ट्या काढून दाखवल्या, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग पुसलेल्या पट्ट्या पुन्हा पाहून ती खदखदून हसली. बोका कुठे बसला होता हे ठाऊक असल्यावरच ती रिकामी जागा विनोदी होते.

त्याचा परिणाम असा झाला की, पुढच्याच रविवारी ती माझ्या टेबलावरचा व्हाइटनर घेऊन वर्तमानपत्रापाशी बसली. आधी तिने बोका पुसला. मग कुत्रा पुसला. मग जॉन केविलवाणा दिसतो म्हणून त्यालाही पुसले. तिन्ही चौकटींत आता टेबलाच्या कडेची एक आडवी रेघ तेवढी राहिली होती, आणि ती पट्टी तिने मोठ्या अभिमानाने मला आणून दाखवली. मी तिच्याकडे पाहत असतानाच बाहेरच्या खोलीतून वडिलांची हाक आली. कागद पातळ होता आणि ओला व्हाइटनर पाठीमागच्या बाजूला उतरला होता, जिथे त्यांचे शब्दकोडे असते. “सतरा आडवे कोणी पुसले?” ते विचारत होते.