महालातल्या पडक्या वाड्यात खिळ्यांची रांग

पुण्याहून रात्रभराचा प्रवास करून सकाळी नागपूरला उतरले. खांद्यावरची लांबलचक पिशवी पाहून रिक्षावाल्या काकांनी विचारलं, "काय आहे मॅडम हे? गिटार?" मेटल डिटेक्टर म्हटल्यावर ते गप्प झाले. गांधी गेट, म्हणजे पूर्वीचा जुम्मा दरवाजा, मागे पडल्यावर मात्र त्यांना राहवेना. "महालात लई जुने वाडे होते. सापडते काही?" म्हटलं, सापडतं. बहुतेक खिळे.

महाल या नागपूरच्या भागात माझं आजोळ. पणजोबांनी बांधलेला वाडा मागच्या पावसाळ्यात उतरवला. सागवानी खांब विकले गेले, कवेलू कुणीतरी गाडी लावून नेले, उरलं ते काळ्या दगडाचं जोतं, विहीर आणि परसात वाढलेलं गाजरगवत. संक्रांतीनंतर तिथे पाया खणायचा होता. मधले तीन दिवस मी मामांकडून मागून घेतले. तिन्ही मामांच्या सह्यांचं परवानगीपत्र आधीच करून घेतलं होतं. स्वतःचं आजोळ असलं तरी सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्यांच्या लेखी होकाराशिवाय मी यंत्र पिशवीतून बाहेर काढत नाही.

या छंदात आपल्याकडे कायदा आधी वाचावा लागतो. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. ही रक्कम 1878 पासून तेवढीच आहे, म्हणजे आज चांदीचा लहानसा तुकडासुद्धा त्यात बसतो. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. आणि संरक्षित स्मारकाच्या जागेत तर यंत्र घेऊन पाऊलही टाकू नये. ज्यांना हे जाचक वाटतं त्यांनी दुसरा छंद धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या सकाळी तर्रीपोहे खाऊन आठलाच वाड्यावर पोचले. धाकटे मामा खुर्ची टाकून उन्हात बसले. मी गुडघ्यावर बसून माती हातात घेतली. थोडी ओलसर होती, ते बरं. कोरड्या मातीपेक्षा ओलसर मातीत नाणं जरा जास्त खोलवरून बोलतं.

यंत्राचं काम तसं सरळ आहे. खालच्या चकतीतली एक तार बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. धातू आला की त्याच्यात छोटे भोवरे-प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि चकतीतली दुसरी तार ते ऐकते. उत्तर यायला किती उशीर झाला त्यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. तांबं-चांदी उंच स्वरात वाजतात, लोखंड खर्जात घुरघुरतं. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत सापडते, त्याखाली नशीब. नागपूरची आणखी एक अडचण म्हणजे खुद्द दगड. शहराच्या पश्चिमेकडून दख्खनचा बसाल्ट येतो आणि इथेच कुठेतरी संपतो, पूर्वेला नीस नावाचा जुना खडक लागतो. आमच्या जोत्याचे चिरे बसाल्टचे, त्यात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकीय खनिज, म्हणजे दगडावरून चकती फिरवली तरी यंत्र कुरकुरतं. चकती जमिनीवर चार-पाच वेळा वरखाली करून मातीचा आवाज शून्यावर आणावा लागतो. जोत्याजवळ मला ते दर दहा पावलांवर करावं लागलं.

सगळे करतात तसं मीही सुरुवातीला लोखंड बंद ठेवलं. यंत्राला सांगता येतं की खर्जातलं काही ऐकवू नकोस. दुपारपर्यंत तुळशीवृंदावनाच्या जागेजवळ भोकाचा एक पैसा मिळाला, 1945 चा. महायुद्धात तांबं वाचवायला ही भोकाची नाणी काढली, 1943 ते 1947 एवढीच. आजी असली नाणी दोऱ्यात ओवून ठेवायची असं आई सांगते. मग ॲल्युमिनियमचे तीन पैसे, सोड्याच्या बाटलीची झाकणं, दंतमंजनाच्या डब्याचं झाकण (पत्रा असून उंच स्वरात वाजलं, सपाट रुंद लोखंड यंत्राला असंच फसवतं), अडकित्त्याचं एक पातं. उंबरठ्याच्या दगडाशेजारी पाव आणा निघाला, पंचम जॉर्जचा, 1919 चा. मामांनी लगेच हिशेब केला, "म्हणजे वाडा एकोणीस सालचा!" तसं म्हणता येत नाही. नाणं एवढंच सांगतं की ते 1919 च्या आधी तिथे पडलेलं नाही. अशी नाणी पुढे कित्येक वर्षं हातोहात फिरत होती.

संध्याकाळी आईला फोन लावला. गुडघ्याच्या दुखण्यामुळे तिला येता आलं नव्हतं. ती म्हणाली, "विहिरीकडे कोठा होता, तिथे पाहिलंस का?" पुण्यात वाढल्यामुळे लहानपणी मला कोठा म्हणजे धान्याची खोली वाटायची. इकडे कोठा म्हणजे गुरांचा गोठा. मी फोन मामांकडे दिला तर ते ठामपणे म्हणाले, "आपल्या घरी कोठा कधी नव्हताच. शेजारच्यांचा होता तो. ताईले काही आठवत नाही." आई मामांपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. दोघंही आवाज चढवायला लागले तेव्हा मी फोन परत घेतला.

दुसऱ्या दिवशी यंत्र घरी ठेवून जुनापाणीला गेले. काटोल रस्त्याने शहराबाहेर पडलं की थोड्या वेळात माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं दिसायला लागतात. तीनेकशे असतील. लोहयुगातल्या माणसांची ही दफनं. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 मध्ये त्यांच्यावर लेख छापला, पुढे पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, त्यांवर मी बोट फिरवून पाहिलं. विदर्भातल्या या दफनांत लोखंड भरपूर मिळतं: कुऱ्हाडी, कट्यारी, घोड्याच्या तोंडातला लगाम. नागपूर जिल्ह्यातच नायकुंडला त्या काळची लोखंड गाळायची भट्टी निघाली. माणूस पुरताना शेजारी ठेवावं इतकं मोलाचं लोखंड. आणि मी काल दिवसभर माझ्या यंत्राला सांगत होते की लोखंड ऐकवू नकोस. त्या वर्तुळात उभी राहून मला स्वतःचा खूप राग आला.

परत येऊन तिसऱ्या सकाळी लोखंड चालू केलं. विहिरीपासून सुरुवात केली. यंत्र अखंड घुरघुरायला लागलं, मामा कानावर हात ठेवून उठून गेले. उकरण्याआधी प्रत्येक आवाजाच्या जागी मी आइस्क्रीमची काडी रोवत गेले. अकरा वाजेपर्यंत शंभरावर काड्या झाल्या. मग जोत्यावर चढून पाहिलं.

दोन रांगा होत्या. अगदी सरळ नव्हेत, पण रांगाच. मधे साधारण तीन मीटर अंतर, लांबी सात मीटर, आणि विहिरीकडच्या टोकाला आडवी तिसरी. रांगांच्या आत काड्या विरळ, बाहेर तर जवळपास नाहीतच. ठराविक काड्यांखाली हळूच उकरलं. चौकोनी दांड्याचे, लोहाराने ठोकलेले खिळे निघाले, गंजून बोटाएवढे फुगलेले. कारखान्याच्या खिळ्याचा दांडा गोल असतो. लाकडी छप्पर जागच्या जागी कुजत गेलं की खिळे वाशांच्या ओळीत खाली पडतात आणि तसेच राहतात. पुढे कुणी लाकूड सरपणाला नेतं, दगड दुसरीकडे लावतं, खिळे मात्र कुणी वेचत नाही.

आतल्या बाजूला, भिंतीच्या ओळीलगत, हाताच्या पंजाएवढी लोखंडी कडी मिळाली, अजून दगडात घट्ट बसलेली. गुरं बांधायची कडी. तिच्यापासून दोन हातांवर पितळेचं घुंगरू. इतकं लहान की खऱ्या बैलाच्या गळ्यातलं नसावं. तान्हा पोळ्याला पोरं लाकडी बैल मिरवतात, त्याच्या गळ्यातलं असेल असं मला वाटतं.

मामांना हाक मारली. ते काड्यांच्या मधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, वळून परत आले. कडीशी उकिडवे बसले. "मी जन्मलो तोवर पडला असन हा," एवढंच म्हणाले. मग स्वतःच खिशातून फोन काढून आईला लावला आणि कॅमेरा कडीवर धरला. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "दाराकडून दुसरी कडी कपिलेची. ही बैलाची आहे. अजून पाहा, अजून असतील." दुपारपर्यंत आणखी दोन कड्या निघाल्या. दाराकडून दुसरी त्यांतलीच.

त्यानंतर बराच वेळ मी खणलं काहीच नाही. सुतळी ताणून, विहिरीच्या काठापासून मोजून प्रत्येक काडी आलेखाच्या कागदावर उतरवली. ती संधी एकदाच असते. खिळा उपटून पिशवीत टाकला की तो भंगार, कागदावर त्याची जागा असेल तर तो भिंत दाखवतो. पाया खणणारं यंत्र आल्यावर तर काहीच उरणार नव्हतं.

शेवटच्या तासात न्हाणीच्या मोरीजवळ चांदीचं जोडवं सापडलं. आजीचं असावं असं सगळ्यांनाच वाटलं, पण वाटण्याला पुरावा नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीआधी मामांसोबत जिल्हाधिकारी कार्यालयात गेले. जोडवं, पाव आणा, भोकाचा पैसा, घुंगरू, सगळ्यांची यादी, फोटो आणि नकाशाची प्रत जोडून पत्र दिलं, पोच घेतली. जोडवं मामांच्या कपाटात तसंच मातीसकट ठेवलंय, उत्तर येईपर्यंत.

नकाशाची दुसरी प्रत आईने काल टेबलावर पसरून घेतली. पेन्सिलने कोठ्यात चार गुरांची नावं लिहिली आणि बाहेर, जिथे माझी एकही काडी नव्हती तिथे, एक गोल काढला. "इथे रामफळाचं झाड होतं," म्हणाली.