थरच्या वाटेवर: आधी झाडूंचे संग्रहालय, मग वाळू

जोधपूर ते जैसलमेर हे सुमारे २८० किलोमीटरचे अंतर मोटारीने पाच तासांत कापता येते, आणि बहुतेक प्रवासी ते तसेच कापून थेट वाळूकडे धावतात. आम्ही डिसेंबरात पाच दिवस हाताशी ठेवून निघालो आणि वाळू मुद्दाम शेवटच्या संध्याकाळसाठी राखली. हाच क्रम मी आग्रहाने सुचवीन.

पहिला मुक्काम जोधपूर. राव जोधाने १४५९ मध्ये पायाभरणी केलेला मेहरानगड आणि तिथल्या पालख्या, हत्तींच्या अंबाऱ्या यांना अर्धा दिवस पुरतो. उरलेला अर्धा मात्र शहराबाहेर, मोकलावासजवळच्या अरणा-झरणा संग्रहालयाला द्यावा. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या जागी मुख्य संग्रह आहे तो झाडूंचा. राजस्थानचे बाजरी, ज्वारी आणि मका असे पिकांवरून पट्टे पाडून कोठारींनी लोकजीवन अभ्यासले होते. त्याच दृष्टीने कोणत्या भागात कोणते गवत उगवते आणि त्याचा झाडू कोण बांधतो, हे इथे उलगडते. घरातला मऊ झाडू निराळा, अंगणातला राठ झाडू निराळा. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतात, खराट्याला तो मान नाही, हे आठवून आम्ही तिथे बराच वेळ रेंगाळलो.

त्यानंतर जैसलमेरही वेगळे दिसू लागले. वर्षाला २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडणाऱ्या या मुलखात प्रत्येक गोष्ट पाण्यापाशी येऊन थांबते. कुलधरा गाव भुताखेतांच्या कथांसाठी ओळखले जाते, पण ते सोडून गेलेल्या पालीवाल ब्राह्मणांची खरी ओळख म्हणजे खडीन: उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा काढायचा. ११५६ मध्ये उभारलेल्या जैसलमेरच्या किल्ल्यात आजही लोक राहतात, आणि वाढलेल्या सांडपाण्याची झिरप त्याच्या पायाला घातक ठरली आहे. म्हणून किल्ला पायी निवांत पाहावा, मुक्काम मात्र खाली शहरात करावा.

बाडमेर रस्त्यावर सतरा किलोमीटरवर अकल येथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले ओंडके जाळीखाली जपले आहेत. उघड्या माळावर सावली नाही, तेव्हा सकाळीच जावे.

वाळूसाठी सम या प्रसिद्ध गावाऐवजी आम्ही खुडी गावाला गेलो. तिथे गर्दी कमी होती. रात्री थंडी बोचते, स्वेटर हवाच. सीमेजवळच्या लोंगेवाला या १९७१ च्या रणभूमीकडे जाणाऱ्यांनी जैसलमेरलाच टाकी भरून घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि परतीचा रस्ता उजेडातच संपवावा, कारण अंधारात डांबरावर बसलेली गाय किंवा आडवा आलेला उंट अगदी जवळ गेल्यावरच दिसतो.