तुम्ही विचारलंत म्हणून: हो, काढले

नाशिकहून फोन आला की पहिली दहा मिनिटं पाऊस, गुडघे आणि कांद्याचा भाव. मग आवाज खाली येतो. "काय गं, तू म्हणे तिकडे त्या तसल्या बीचवर गेली होतीस. मग... काढलेस का?" काय काढलेस, ते कुणी उच्चारत नाही. जाऊबाईंचं विचारून झालं, शाळेतल्या मैत्रिणींचं झालं, परवा तर ब्याऐंशी वर्षांच्या मामींनीही विचारलं. तेव्हा एकदाच सांगून टाकते.

बीचचं नाव लेडी बे. सिडनीतच आहे, तरी पाहुण्यांना सहसा सापडत नाही. सर्क्युलर कीवरून फेरीने वॉटसन्स बेला जायचं, कॅम्प कोव्हच्या वाळूपासून साउथ हेडच्या टोकाकडे पायवाट जाते ती धरायची. टोकाला हॉर्नबी दीपगृह आहे, लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं. बहुतेक लोक तेच बघायला सरळ पुढे जातात. वाटेत डाव्या हाताला कड्यावरून उतरायला पायऱ्या आहेत, तिकडे मान वळवायची नाही असं ठरवूनच चालतात. खाली जेमतेम शंभर मीटर वाळू, मागे उभा कातळ. भरतीला तीही वाळू आखडते.

नियमात बसतं का, हा दुसरा प्रश्न. बसतं. १९७६ मध्ये न्यू साउथ वेल्स या इथल्या राज्यातल्या नेव्हिल रॅन यांच्या सरकारने इथे कपडे ऐच्छिक केले. त्याच्या वर्षभर आधी ॲडलेडच्या दक्षिणेला मास्लिन बीचवर तशी मुभा मिळाली होती. पण हा देश पहिल्यापासून असा मोकळा होता असं समजू नका. एके काळी इथे दिवसाउजेडी समुद्रात डुंबायलाच बंदी होती. १९०२ मध्ये सिडनीतल्याच मॅन्लीच्या किनाऱ्यावर विल्यम गोचर नावाच्या संपादकाने आधी आपल्या वर्तमानपत्रात जाहीर केलं आणि मग भर दिवसा पाण्यात उतरून ती बंदी मोडली. त्यानंतरही कित्येक वर्षं सिडनीच्याच बॉन्डाय बीचवर बिकिनी तोकडी वाटली की बाईला वाळूवरून बाहेर काढणारे इन्स्पेक्टर होते.

ह्यांना बरोबर नेलं होतं. पायऱ्यांपाशी आल्यावर ह्यांना अचानक दीपगृहाचा अभ्यास करावासा वाटला. "तू हो पुढे," म्हणाले आणि गेलेच.

आता मुद्द्याचं. आमच्या घरी बायका परकर छातीशी बांधून अंघोळ करायच्या. दाराला आतून कडी, मोरीत आपण एकट्या, तरी परकर. नागव्याने अंघोळ करू नये, हे आजीने सांगितलं, आईने सांगितलं, आणि कुणी का म्हणून विचारलं नाही. त्याच नाशकाजवळ त्र्यंबकेश्वरला सिंहस्थात नागा साधूंची मिरवणूक निघाली की आजी मला पुढे ढकलून नमस्कार करायला लावायची. एवढं सगळं पाठीशी घेऊन मी बावन्नाव्या वर्षी त्या पायऱ्या उतरले.

खाली पंचवीस-तीस माणसं. बहुतेक पुरुष, आणि त्यातलेही बरेच समलिंगी. माझ्याकडे बघण्यात तिथे कुणालाच रस नव्हता. मामी, हे ऐकून तुमचा जीव भांड्यात पडेल, माझा तर पडलाच. एक गृहस्थ अंगावर फक्त टोपी आणि चष्मा लावून शब्दकोडं सोडवत होते. पोटं सुटलेली, शस्त्रक्रियांचे व्रण, लोंबलेली कातडी. आपल्याकडे नदीच्या घाटावर दिसतं त्याहून वेगळं काही नाही. पहिली दहा मिनिटं मी कुर्ता-लेगिंगमध्ये पिशवी छातीशी धरून बसले. सगळ्यात विचित्र मीच दिसत होते. कपडे घातलेल्या माणसाकडे तिथे 'हिचं काय काम' अशा नजरेने बघतात.

मग काढले. टॉवेलवर बसून, एकेक, डॉक्टरकडे काढतात तसे. पाण्यापर्यंत पंधरा पावलं असतील. ती मी ज्या वेगाने गेले, त्या वेगाने आयुष्यात बसही पकडलेली नाही. पाणी गार होतं. आणि पाठीवर काहीतरी लागत होतं, ते काय हे क्षणभर कळेना. ऊन होतं. नुसतं ऊन. अख्ख्या पाठीला एकदम ऊन लागायची ती पहिलीच वेळ. समोरून मॅन्लीची फेरी गेली, तेव्हा मात्र गळ्यापर्यंत बुडून घेतलं. एवढ्या लांबून कुणाला काय दिसणार, पण परकर असा एका दिवसात सुटत नाही.

दोन तासांनी वर आले. ह्यांचा अभ्यास पक्का झाला होता: १८५७ साली डनबार नावाचं जहाज इथल्या कड्यावर फुटलं, १२१ जण बुडाले, एकटा वाचला, आणि पुढच्या वर्षी हे दीपगृह उभं राहिलं. फेरीत बसेपर्यंत ते त्या जहाजाबद्दलच बोलत होते. मला एक अक्षर विचारलं नाही.

एक चूक झाली. इथलं ऊन जहाल, १९८१ पासून 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' म्हणून सरकार आणि डॉक्टर कानीकपाळी ओरडतायत: शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला. मी रोजच्या सवयीने क्रीम लावलं ते चेहऱ्याला आणि हातांना. पाठ राहिली. चार रात्री पालथी झोपले, आणि हे मुकाट्याने कोरफडीचा गर लावत होते.

त्याच आठवड्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "अशी खुर्चीला पाठ न टेकता का बसली आहे ही?" मी तोंड उघडायच्या आत हे मागून म्हणाले, "उसण भरली आहे तिला." सासूबाईंनी वीट तापवून, फडक्यात गुंडाळून चांगली शेकायला सांगितली. ह्यांनी लगेच "बरं" म्हटलं.